पडद्यावरचें मूल आणि यंत्राचें बळ

इ. स. २०१७ मध्यें इंग्लंडांत 'आयबॉय' या नांवाचा एक चित्रपट निघाला. केव्हिन ब्रुक्स या लेखकाच्या २०१० सालच्या कादंबरीवरून तो रचलेला होता. लंडन शहरांतील एका गरीब वस्तींत टॉम नांवाचा शाळकरी मुलगा राहतो. एके दिवशीं तो आपल्या मैत्रिणीच्या घरीं जातो, तों गुंडांनीं तिच्यावर अत्याचार केल्याचें त्याच्या दृष्टीस पडतें. तो तसाच माघारा पळतो, पोलिसांना वर्दी देण्यासाठीं मोबाईल कानाशीं नेतो, आणि त्याच क्षणीं सुटलेली गोळी तो मोबाईल फोडून त्याच्या डोक्यांत शिरते. मुलगा वांचतो, परंतु यंत्राचे तुकडे मेंदूंतच राहतात. शुद्धीवर आल्यावर त्याला आढळून येतें कीं, भोंवतालच्या मोबाईलांवरून जाणारे संदेश आपणांस ऐकूं येतात, डोळ्यांपुढें दिसतात, आणि आपल्या नुसत्या इच्छेनें यंत्रें चालतात व बंद पडतात. या बळाचा तो काय उपयोग करतो? तो सूड उगवूं लागतो.

कल्पना नवी दिसते. तिचा गाभा मात्र नवा नाहीं. कोंवळ्या देहांत अकस्मात् अचाट सामर्थ्य यावें, थोरामोठ्यांना न आवरलेला दुष्ट एका पोरानें आवरावा, ही गोष्ट महाराष्ट्रांतील मुलें आजीच्या मांडीवर बसून पिढ्यान् पिढ्या ऐकत आलीं आहेत. नवें आहे तें इतकेंच कीं, पूर्वीं हें बळ देव देत असे आणि आतां तें यंत्र देतें. या दोन युगांच्या सांध्यावर मुंबई शहर उभें आहे. देवाचें बळ यंत्राच्या साह्यानें एका मुलाच्या अंगीं आणून दाखविण्याचा उद्योग ज्या गृहस्थानें केला, त्याला चित्रपटाचें वेड गिरगांवांत लागलें, त्याचा पहिला कारखाना दादरास निघाला, आणि त्याच्या यशाची पावती पुन्हा गिरगांवच्या प्रेक्षकांनींच दिली. त्या गृहस्थाचें नांव धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश त्यांना दादासाहेब म्हणून ओळखतो. त्यांच्या हातून घडलेल्या एका विशेष गोष्टीचें महत्त्व मात्र अजून पुरेसें ओळखलें गेलेलें नाहीं.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. वडील संस्कृताचे शास्त्री होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजांत त्यांना अध्यापकाची जागा मिळाली, आणि कुटुंब मुंबईस आलें. १८८५ सालीं धुंडिराज जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं चित्रकला, छायाचित्रण आणि अनेक हस्तकौशल्यें आत्मसात् केलीं. त्यांनीं छायाचित्रें काढलीं, नाटकांचे पडदे रंगविले, छापखाना चालविला. आणि या सर्वांबरोबर जादूचे प्रयोगहि केले. जादूगार म्हणून त्यांनीं धारण केलेलें नांव 'प्रोफेसर केळफा' असें होतें. 'फाळके' हीं अक्षरें उलट फिरवून तें बनविलेलें होतें. स्वतःच्या नांवाशीं असा खेळ करणारा मनुष्य पुढें काळाशीं आणि आकाराशीं खेळूं लागला, यांत नवल नाहीं. प्रेक्षकाची नजर कोठें खिळवावी आणि हात कोठें चालवावा, हें जादूगाराचें पहिलें शास्त्र त्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें.

१९११ च्या सुमारास गिरगांवांतील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस' नामक चित्रगृहांत त्यांनीं ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढें राम व कृष्ण उभे राहत होते, असें त्यांनीं पुढें 'नवयुग' मासिकांतील आपल्या लेखांत नमूद करून ठेविलें आहे. त्या ध्यासानें त्यांना पछाडलें. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. वैद्यकीय उपचारांनीं ती परत आली. १९१२ च्या आरंभीं ते लंडनला गेले, तेथील कारखान्यांत चित्रपट कसा तयार होतो तें त्यांनीं पाहिलें, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला, आणि अल्पावधींतच ते मुंबईस परतले. बिऱ्हाड गिरगांवाकडून दादरास हलविण्यांत आलें, आणि तेथील 'मथुरा भवन' नांवाच्या बंगल्यांत कॅमेरा, अंधारखोली व कुटुंब अशीं तिन्ही एकाच छपराखालीं नांदूं लागलीं.

भांडवल देणारे कोणी भेटेनात. यंत्र काय करूं शकतें हें प्रत्यक्ष दाखविल्यावांचून कोणी पैसा सोडणार नाहीं, हें फाळक्यांनीं ओळखलें. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा रोंविला, आणि ठराविक अंतरानें एकएक चित्र घेत महिनाभर चिकाटीनें ते तेथें राबले. तयार झालेली फीत मिनिटभर चाले. तिच्यांत मातींतून अंकुर वर येई, पानें उलगडत, आणि पाहतां पाहतां वेल उभा राही. महिना मिनिटांत मावला! त्यांत खोटें कांहींच नव्हतें; वाटाणा खरा, माती खरी, वाढहि खरी. केवळ काळ तेवढा यंत्रानें आपल्या मुठींत धरला होता. हें पाहून पैसा देणारे पुढें आले. मुंबईंत चित्रपटाच्या कॅमेऱ्यानें जी पहिली किमया केली, तिचा नायक असा एक वाटाण्याचा दाणा होता, आणि त्याच्या अंगीं अद्भुत बळ आणणारा मनुष्य रोज कुंडीला पाणी घालीत होता.

ही किमया कशी होते हें थोडक्यांत समजून घेणें अवश्य आहे. त्या काळचा कॅमेरा हातानें दांडा फिरवून चालवीत. दांड्याच्या एका फेऱ्यांत आठ चित्रें उमटत. सेकंदास सुमारें दोन फेरे हा सर्वसाधारण वेग असे. मध्येंच दांडा थांबविला, समोरचा मनुष्य बाजूस केला, आणि पुन्हा दांडा फिरविला, कीं पडद्यावर मनुष्य क्षणांत अदृश्य होई. भिंगाचा अर्धा भाग काळ्या कापडानें झांकून एक देखावा घ्यावयाचा, फेरे मोजून फीत मागें न्यावयाची, मग दुसरा अर्धा भाग झांकून दुसरा देखावा घ्यावयाचा, म्हणजे दोन निरनिराळ्या जागा एका चित्रांत येत. भिंगाचें द्वार हळूहळू मिटून, फीत मागें घेऊन, तेंच द्वार नव्या देखाव्यावर हळूहळू उघडलें, तर एक चेहरा विरघळून दुसरा प्रकट होई. फ्रान्समध्यें जॉर्ज मेलिये नांवाच्या दुसऱ्या एका जादूगारानें या युक्त्या फाळक्यांच्या आधीं सिद्ध केल्या होत्या. अशा कामांत एक फेरा चुकला तरी देवाचें डोकें धडाबाहेर जाई. चमत्काराचा सारा भरंवसा मनांतल्या मनांत आंकडे मोजणाऱ्या एका माणसावर असे.

३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील 'कॉरोनेशन' चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. तारामतीच्या भूमिकेसाठीं एकहि स्त्री मिळाली नाहीं, म्हणून ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके या तरुणास ती भूमिका देण्यांत आली. रोहिदासाचें काम करावयास कोणी आपलें मूल देईना; पडद्यावर मरण पावणारें मूल कोण देणार? तेव्हां फाळक्यांनीं आपला पुत्र भालचंद्र यालाच उभें केलें. चित्रणाच्या काळांत हा मुलगा खडकावर पडून बेशुद्ध झाला, आणि खोळंबा होऊं नये म्हणून रोहिदासाच्या मृत्यूचा देखावा त्या बेशुद्ध मुलालाच घेऊन पुरा करण्यांत आला, अशी एक आठवण सांगितली जाते. कथेंत विश्वामित्राची परीक्षा संपते आणि रोहिदास उठून बसतो. परंतु पित्याच्या ध्येयासाठीं मुलानें काय सोसावें, हा हरिश्चंद्राच्या कथेंतील प्रश्न चित्रपट काढणाऱ्याच्या घरांतहि शिरला होता, हें विसरतां येत नाहीं.

यानंतर फाळके नाशिकला गेले. प्रेक्षक मात्र मुंबईचे राहिले. १९१७ सालीं 'लंकादहन' गिरगांवांतील 'वेस्ट एंड' चित्रगृहांत लागला. त्यांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांनीं केल्या होत्या, आणि मारुति आकाशांतून उडत जातांना दिसे. तिकिटांच्या पैशांच्या थैल्या बैलगाडींतून न्याव्या लागल्या, ही कथा मुंबईकर पुढें कित्येक वर्षें सांगत असत. १९१८ सालीं 'श्रीकृष्णजन्म' गिरगांवच्याच 'मॅजेस्टिक' चित्रगृहांत आला. पडद्यावर राम किंवा कृष्ण प्रकट होतांच प्रेक्षकांतील स्त्रीपुरुष लोटांगण घालीत, अशी नोंद आहे. तीं माणसें भोळीं होतीं असें म्हणून त्यांना हंसणें सोपें आहे. परंतु पंढरीच्या दगडाला मिठी मारणारा वारकरी तो दगड आहे हें जाणत नाहीं काय? यंत्राचा आणि भक्तीचा तंटा त्या प्रेक्षकांच्या मनांत उत्पन्नच झाला नव्हता.

तो तंटा उत्पन्न होण्याआधींच त्याचें उत्तर फाळक्यांनीं १९१९ च्या 'कालियामर्दन' या चित्रपटांत देऊन ठेविलें. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. गोकुळांतील खोडकर कृष्ण सवंगड्यांसह लोणी चोरतो, गौळणींना सतावतो, आणि अखेरीस यमुनेंत उडी घेऊन विषारी कालियाला नमवितो. या चित्रपटांतील कृष्ण ही फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी होती. डोहाच्या कांठीं यशोदा आणि गोकुळवासी आक्रोश करतात, जळाखालीं बाळकृष्ण आणि महानाग यांची झुंज चालते, आणि मग तो बाळ नागाला दमवून पाण्याबाहेर येतो, हा देखावा आजहि पाहणाऱ्यास खिळवून ठेवतो. ज्या काळीं प्रौढ स्त्रिया पडद्यावर येण्यास कचरत होत्या, त्या काळीं एका लहान मुलीनें देवाचें सामर्थ्य धारण करून हजारोंचीं मस्तकें नमविलीं.

परंतु या चित्रपटाचा खरा विशेष त्याच्या शेवटांत नसून आरंभांत आहे. कथा सुरू होण्यापूर्वीं फाळके आपल्या मुलीला मुलगी म्हणूनच प्रेक्षकांपुढें आणतात. सात वर्षांच्या एका मुलीच्या मुद्राभिनयाचा हा नमुना आहे, असें ते पडद्यावर लिहून सांगतात. मग ती पोर कधीं हंसते, कधीं रागावते, कधीं रडवेली होते. त्यानंतर त्याच चेहऱ्यावर कृष्णाचें रूप उमटतें आणि गोकुळाची कथा सुरू होते. जादूगारानें खेळाच्या आधींच आपली पेटी उघडून दाखवावी, तसा हा प्रकार आहे. हा देव नव्हे, ही अमक्याची मुलगी आहे, हिला बळ देणारें यंत्र आहे, आणि यंत्रामागें माणूस आहे, एवढें सारें आधींच सांगून टाकल्यावर फाळके जणूं विचारतात, "आतां पहा, तरीहि डोळ्यांत पाणी येतें कीं नाहीं?" आणि तें येत असे. रहस्य उघड झाल्यानें अद्भुताचा नाश होत नाहीं, हा सिद्धांत त्यांनीं वाद न घालतां कृतीनें मांडला. वर्ष-दोन वर्षें आधीं त्यांनीं 'चित्रपट कसे तयार करतात' हें दाखविणारा एक लहान बोधपटहि काढला होता. स्वतःचें कसब झांकून ठेवण्याची त्यांना भीति वाटत नव्हती.

या उघडेपणाला एक अपवाद राहिला, आणि तो त्यांच्या घरांतलाच होता. सरस्वतीबाई फाळके यांचें मुखदर्शन त्या आरंभींच्या देखाव्यांत होत नाहीं. यंत्राच्या खर्चासाठीं ज्यांचे दागिने गेले, ज्यांनीं दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळून रात्रीं कोऱ्या फितीला भोकें पाडण्याचें किचकट काम केलें, ज्या फीत धुण्याच्या रसायनांत हात घालीत आणि उन्हांत पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत, त्या बाई पडद्यावर आल्या नाहींत. बाळकृष्णाच्या मुखावरील तेजामागें अशी कोणाची तरी अवघडलेली मनगटें असतात. देवाचें बळ मुलाच्या अंगीं उतरवावयाचें असेल तर कोणी तरी अंधाऱ्या खोलींत फितीला एकएक भोंक पाडीत बसावें लागतें, हा या इतिहासाचा कमी ऐकूं येणारा भाग आहे.

फाळक्यांच्या पश्चात् देवाची जागा हळूहळू विज्ञानानें घेतली. १९३७ सालीं विजय भट्ट यांनीं एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसाच्या कल्पनेवरून 'ख्वाब की दुनिया' हा चित्रपट काढला. त्यांतील वस्तु आपोआप हवेंत उचलल्या जात. सुरतेहून आलेल्या बाबूभाई मिस्त्री या अवघ्या एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणानें काळ्या पडद्यापुढें काळा दोरा वापरून ही करामत साधली होती. त्यावरून चित्रसृष्टींत त्यांना 'काला धागा' हेंच नांव पडलें. परळच्या लवजी कॅसलमध्यें वाडिया बंधूंचा कारखाना होता. तेथील 'हंटरवाली' १९३५ सालीं गाजली, तिच्या नायिकेचें काम करणारी नादिया मात्र दोऱ्यावर अवलंबून नव्हती. तिच्या उड्या आणि तिचे मुष्टिप्रहार तिचे स्वतःचे असत. एकीकडे यंत्राचें बळ आणि दुसरीकडे अंगचें बळ असे दोन मार्ग मुंबईनें एकाच दशकांत पाहिले. आणि अर्धशतकानंतर, १९८७ सालीं, शेखर कपूर यांच्या 'मिस्टर इंडिया' मध्यें मुंबईंतील एका गरीब वादकाला शास्त्रज्ञ पित्यानें बनविलेलें मनगटी यंत्र सांपडलें. तें लाविलें कीं तो अदृश्य होई, आणि तांबड्या प्रकाशांत तेवढा दिसे. पीटर परेरा या कसबी माणसानें त्या चित्रपटाच्या युक्त्या सिद्ध केल्या. परंतु त्या कथेंत नायकानें सांभाळलेल्या अनाथ मुलांपैकीं एक चिमुरडी बाँबच्या स्फोटांत मरते, आणि मनगटावरचें यंत्र तिला वांचवूं शकत नाहीं. ही एक गोष्ट त्या करमणुकीच्या चित्रपटाला वजन देऊन जाते.

आतां लंडनच्या त्या मुलाकडे पुन्हा वळावें. त्याचें बळ आणि बाळकृष्णाचें बळ यांत पहिला भेद दिसतो तो असा कीं, एकाचें विज्ञानाचें आहे आणि दुसऱ्याचें दैवी. परंतु हा भेद वरवरचा आहे. पडद्यावर दोघांचेंहि बळ यंत्राचेंच. खरा भेद बळ हातीं आल्यावर काय केलें यांत आहे. भागवतांतील कथेंत कृष्ण कालियाला मारीत नाहीं. नागपत्न्या शरण येतात, पतीचे प्राण मागतात, आणि तो मुलगा थांबतो. नागाला डोह सोडून समुद्राकडे जाण्याची आज्ञा करून तो त्याला मोकळा करतो. यमुनेचें पाणी निर्विष झालें, एवढ्यानें त्याचें काम संपलें. सामर्थ्याच्या ऐन भरांत पाय उचलून घेणें, हें त्या कथेचें मर्म आहे. उलट भस्मासुराला वर मिळाला तेव्हां तो थांबूं शकला नाहीं, आणि स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवून भस्म झाला. फाळक्यांनीं 'मोहिनी भस्मासुर' १९१३ सालींच काढला होता. एकाच माणसानें सहा वर्षांच्या अंतरानें बळाच्या या दोन्ही गति पडद्यावर दाखविल्या आहेत. टॉमची कथा या दोहोंच्या मधोमध उभी आहे; त्याच्या जवळ भस्मासुराचा हात आहे, आणि तो हात कोठें थांबवावा हें सांगणारें त्याच्या मस्तकांतील यंत्रांत कांहींच नाहीं.

हा प्रश्न आतां केवळ पडद्यावरचा राहिलेला नाहीं. गिरगांवच्या चाळींत, लालबागच्या गल्लींत, दादरच्या फलाटावर सोळा वर्षांच्या मुलाच्या हातांत आज जें यंत्र असतें, तें मेंदूंत शिरलें नसलें तरी मेंदूपासून फारसें दूरहि नाहीं. बसल्या जागीं दूरच्या माणसाचें बोलणें ऐकावें, न पाहिलेलें पाहावें, न दिसतां दुसऱ्याला घायाळ करावें, या गोष्टी पुराणांत सिद्धि म्हणून सांगितल्या आहेत. त्या सिद्धि दुकानांत मिळूं लागल्या. परंतु त्यांच्याबरोबर तपश्चर्या मिळत नाहीं. फाळक्यांना एक मिनिटाचा चमत्कार दाखविण्यासाठीं महिनाभर कुंडीजवळ राबावें लागलें होतें. त्या महिन्यानेंच त्यांना यंत्राची योग्यता आणि मर्यादा शिकविली असेल.

दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें निवर्तले. गिरगांवांतील तीं जुनीं चित्रगृहें आज राहिलीं नाहींत. 'मॅजेस्टिक' १९७० नंतरच्या दशकांत पाडण्यांत आलें आणि त्या जागीं दुकानांची इमारत उभी राहिली. दादरच्या एका रस्त्याला तेवढें फाळक्यांचें नांव आहे. त्यांच्या बहुतेक फिती काळानें गिळल्या. परंतु 'कालियामर्दन' चा बराचसा भाग वांचला, आणि १९६४ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें तो जतन केला. त्यांत ती सात वर्षांची मुलगी अजून हंसते, रुसते, आणि मग कृष्ण होते. आपल्या मुलांना यंत्राच्या बळाच्या कथा अवश्य दाखवाव्यात. परंतु फाळक्यांप्रमाणें आरंभीं मुलाचा चेहरा दाखवावा, यंत्र दाखवावें, आणि यंत्रामागें चादर धरून उन्हांत उभी असलेली बाईहि दाखवावी. एवढें पाहिल्यावर ज्याच्या हातीं बळ येईल, त्याला पाय केव्हां उचलावा हेंहि कळण्याचा संभव आहे.